२६ फुटीवरून मोठ्या बोटीवर : जुनी शिडाची बोट घेताना काय काय बघावं?

खारवारा

नमस्कार मंडळी,

गेली आठ वर्षं माझी आणि एका मित्राची मिळून २६ फुटी फायबरची शिडाची बोट आहे. गेटवेसमोर मूरिंगला (समुद्रतळाशी पक्क्या बांधलेल्या बोयाला) असते. ऑक्टोबर ते मे, जमेल तो रविवार तिच्यावर. मांडवा, करंजा, फार तर खांदेरीला वळसा घालून संध्याकाळी परत. आता मित्र पुण्याला गेला (त्याच्या नशिबी खडकवासला), तेव्हा ही विकून थोडी मोठी घ्यावी असं घाटतंय.

निमित्त गेल्या दिवाळीचं. राजपुरीच्या खाडीत एक रात्र काढली. आम्ही दोघं, मुलगी चौदाची, मुलगा नऊचा आणि आई. मुलगा शिडाच्या पिशवीवर झोपला, मी कॉकपिटमध्ये दवात भिजलो. आई रात्रभर गुडघे पोटाशी घेऊन बसली आणि सकाळी चहा घेताना म्हणाली, "पुढच्या वेळी मी एसटीनं येते, तुम्ही पाण्यातून या." पण जंजिऱ्यावर उजाडताना बघून तीही गप्प झाली होती, हे मी पाहिलंय.

स्वप्न असं: नाताळच्या सुट्टीत मुंबई ते मालवण, मुक्काम करत करत. जगप्रदक्षिणा वगैरे काही नाही.

दोन बोटी नजरेत आहेत, दोन्ही भारतातच आहेत.

पहिली ३८ फुटी, २००७ ची. तीन केबिन, दोन संडास, आत शिरलं की फ्लॅटमध्ये आल्यासारखं वाटतं. मोठं शीड डोलकाठीच्या आत गुंडाळलं जातं. फिन कील (तळाखाली उतरलेला एकच खोल, वजनदार पंखा), दोन मीटर पाणी लागतं, इंजिनाला सेलड्राइव्ह.

दुसरी ३५ फुटी, ऐंशीच्या दशकातली इंग्लिश बांधणी. जुळी कील (शेजारीशेजारी दोन आखूड पंखे), दीड मीटरहून कमी पाण्यात चालते. फायबर जाडजूड, आत अंधार आणि कपाटाचा वास. संडास एकच.

मुलांचं मत पहिलीला आहे, माझंही मन तिकडेच. बायकोची अट एकच: "तुझी पाठ धरली किंवा तूच पाण्यात पडलास, तर मी आणि पोरगी मिळून बोट परत आणू शकलो पाहिजे." बजेट ठाण्यातल्या वन बीएचकेच्या डाउन पेमेंटइतकं. बोला.

हजर_नेहमी

वाचतोय. मला पोहताही येत नाही, पण धागा सोडवत नाहीये.

शंकासुर

भाबडा प्रश्न. पावसाळ्याचे चार महिने बोट जमिनीवर. उरलेल्या आठांतले शनिवार-रविवार, त्यात मुलीची दहावी येतेय. म्हणजे वर्षाला तीस दिवस धरा. तेवढ्यासाठी हा पांढरा हत्ती? शिवाय सप्टेंबर २०२५ पासून यॉटवरचा जीएसटी ४० टक्के झालाय. त्या पैशात दरवर्षी मालवणात आठवडाभर सुरमई खाऊन या की.

खारवारा

@शंकासुर, सुरमई खाऊन येतोच हो. दोन्ही बोटी खाजगी मालकांच्या आहेत आणि आयातीची भानगड नको म्हणूनच इथल्या शोधल्या. तरी पहिल्या मालकाकडे बिल ऑफ एंट्री (आयातीचा कस्टम्सचा कागद) मागितलंय. परदेशी झेंड्याखाली तात्पुरती म्हणून आलेली, ड्युटी न भरलेली बोट गळ्यात पडली तर कस्टम्सचं लफडं आपल्या मागे लागायचं.

पाऊणपट

केबिन आणि संडास मोजणं थांबवा. आधी बोट ठेवणार कुठे ते ठरवा, मग बोट घ्या. मुंबईत मरिना नाही. कोचीला बोळगट्टीला आहे, आपल्याकडे मूरिंगच्या बोयांवरच दिवस काढायचे. म्हणजे बोटीवर जायचं तर डिंगीतून (छोट्या होडीतून), सामान डिंगीतून, आजी डिंगीतून. त्यामुळे तुमच्या आईंना डिंगीतून वर कसं घेणार हा प्रश्न तिसऱ्या केबिनच्या आधी येतो. ३८ फुटीला मागे पायऱ्या असतील. ३५ फुटीला बहुतेक शिडी लटकवावी लागेल. इथे पहिलीला एक गुण.

आता पावसाळा. २०२० चं निसर्ग ३ जूनला आलं, २०२१ चं तौक्ते १७ मेला मुंबईजवळून गेलं. मे संपेपर्यंत थांबणाऱ्यांचे दिवस गेले. मेच्या पहिल्या आठवड्यात बोट बाहेर काढायची असं ठरवूनच चाला. आठ टनांची, दोन मीटर कीलची बोट उचलणारी क्रेन, तिला उभं करणारा पाळणा आणि धक्क्यापर्यंत यायला पुरेसं पाणी या तिन्ही गोष्टी एकाच जागी मिळतात का, ते यार्डात स्वतः जाऊन विचारा. फोनवर सगळे "हो जाएगा" म्हणतात. जुळ्या कीलची बोट ओहोटीत कठीण तळावर स्वतःच्या पायांवर उभी राहते. मी एकदा खाडीत तशीच उभी करून, चिखलात गुडघाभर रुतून, सहा तासांत प्रोपेलर साफ केलाय. क्रेनचा खर्च शून्य. धुण्याचा खर्च मात्र बायकोनं अजून माफ केलेला नाही.

आता माझं आयडी ज्यावरून आहे त्याबद्दल. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते हे कोकणात पोराटोरांना माहीत असतं. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. पौर्णिमा-अमावास्येला भर दुपारी आणि मध्यरात्री उधाण, म्हणजे सकाळ-संध्याकाळ तळ दिसणार. मुंबईत उधाणाला पाणी चार-साडेचार मीटर वर-खाली होतं. हे नांगराच्या हिशेबात धरा. समजा संध्याकाळी ओहोटीला चार मीटर पाण्यात नांगर टाकलात. नाळेची, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकाची, उंची सव्वा मीटर. पाचपट साखळी म्हणजे सव्वीस मीटर, झालं काम, झोपा. मध्यरात्री पाणी साडेचार मीटरनं चढलं. आता तुमची पाचपट पावणेतीनपटीवर आली, आणि नेमका तेव्हाच वारा फिरतो. भरतीचं पाणी धरून हिशेब केला तर जवळजवळ पन्नास मीटर साखळी लागते. १० मिलिमीटरच्या साखळीचं वजन मीटरला सव्वादोन किलोच्या आसपास. पन्नास मीटरचे झाले एकशे दहा-बारा किलो, वर नांगर. हे हातानं ओढायचं वय तुमचं राहिलेलं नाही, वहिनींचा तर प्रश्नच नाही. त्यामुळे विजेचा विंडलास (नांगर ओढायचं यंत्र) चालू आहे का, आणि तो साखळीच्या वजनासकट चालतो का, हे समोर उभं राहून बघा. रिकामा विंडलास फिरवून दाखवणारे मालक मी बघितलेत.

लांबी दीडपट केली की वजन दीडपट होत नाही, तिपटीहून जास्त होतं. २६ फुटी धक्क्यावर आपटायला लागली की आपण पाय लावून ढकलतो. ३८ फुटीला पाय लावलात तर पाय जाईल. घरात पहिल्या दिवशी मुलांना हे सांगा.

फायदाही सांगतो, नाहीतर म्हणाल काका नाट लावतात. मुंबईहून राजपुरी साधारण ४० सागरी मैल. तुमची २६ फुटी सरासरी पाच नॉट धरली तर आठ तास. मोठी साडेसहानं गेली तर सहा तास. दोनच तासांचा फरक, पण डिसेंबरात सहाला सूर्य मावळतो. खाडीच्या तोंडाशी उजेडात पोचणं आणि अंधारात पोचणं यात फार फरक आहे.

तांडेलाचा नातू

पाऊणपट काकांना अनुमोदन. माझे आजोबा तांडेल, मी आयटीत. तरी घरात ऐकलेलं सांगतो.

जाताना सोपं आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे जमिनीवरून मतलई येतो, दुपारनंतर वायव्येकडून खारा वारा. दक्षिणेला जाताना दोन्ही कामाला येतात. येताना तोच वायव्येचा वारा दुपारी तोंडावर. मालवणहून मुंबईला शिडावर येणार म्हणालात तर नववर्ष समुद्रातच. पहाटे तीन-चारला नांगर उचलायचा, मतलईवर किनाऱ्याच्या जवळून जेवढं उत्तरेला सरकता येईल तेवढं सरकायचं, बारा-एकला कुठेतरी आत शिरायचं. वाऱ्याच्या तोंडावर जुळ्या कीलची बोट फिन कीलइतकी चढत नाही, बाजूला घसरते. हा तिचा खरा तोटा. म्हणून तिच्यात इंजिन जास्त महत्त्वाचं.

मुक्काम: राजपुरी चांगलं. हर्णैला सुवर्णदुर्गाच्या आडोशाला जमतं. जयगड उत्तम, आत शास्त्रीच्या मुखात शांत पाणी. विजयदुर्गाची खाडी सगळ्यांत भरवशाची, आंग्र्यांचं आरमार उगाच तिथे नव्हतं. मालवणला मात्र खडक फार आहेत, पाण्याखाली दिसत नाहीत, पहिल्या खेपेला माहितगार माणसाशिवाय आत शिरू नका. खरं तर विजयदुर्गालाच नांगर टाकून मालवणला गाडीनं जा. अंतर: मुंबईहून जयगड शंभराच्या आसपास मैल, विजयदुर्ग एकशे चाळीसच्या.

आणि जाळी! रात्री किनाऱ्याजवळ डोल जाळ्यांचे बोये दिसत नाहीत. प्रोपेलरमध्ये दोरी गेली की तुमचं इंजिन बंद आणि आमच्या माणसाचं जाळं फाटलेलं. जाळं फाटलं तर थांबून बोला, पळू नका. कील आणि सुकाणूच्या मधून दोरी सहज निसटेल अशी बांधणी आहे का, हेही बघा.

हजर_नेहमी

"आमच्या माणसाचं जाळं" +१

डिझेल काका

इंजिनावर कोणी फारसं बोललं नाही म्हणून लिहितो.

बोट बघायला जाल तेव्हा मालकाला आधी सांगा, इंजिन गार ठेवा. गेल्यावर पहिल्यांदा इंजिनाला हात लावून बघा. कोमट असेल तर त्यानं आधीच चालू करून ठेवलंय, म्हणजे गार असताना सुरू व्हायला कुरकुर करतं. सुरू झाल्यावर धूर: काळा म्हणजे डिझेल पूर्ण जळत नाही किंवा तळाला शिंपल्यांचा थर असल्यानं इंजिनावर ओझं. निळा म्हणजे तेल जळतंय. पांढरा थांबतच नसेल तर चौकशी करा. मागून धुरासोबत पाणी भरपूर पडलं पाहिजे.

सेलड्राइव्ह म्हणजे इंजिनाचा पाय बोटीच्या तळातून थेट खाली जातो आणि त्या भोकाला रबराची मोठी गोल पडदी असते. व्होल्वो पेंटा ती दर सात वर्षांनी बदलायला सांगते. २००७ ची बोट आहे, म्हणजे दोनदा बदललेली हवी. बिल मागा. बिल नसेल तर बदललेली नाही असंच धरा. त्यासाठी इंजिन जागेवरून सरकवावं लागतं, खर्च लक्षात घ्या. गिअरचं तेल दुधासारखं दिसलं तर आत पाणी गेलंय. ३५ फुटीला साधा शाफ्ट असेल. तो मुंबईतला कुठलाही बोटींचा मिस्त्री बघू शकतो.

मुंबईच्या पाण्याबद्दल एकच: दर दोन-तीन खेपांनी इंजिनाच्या पाण्याच्या तोंडाशी प्लॅस्टिक अडकतं. माझ्या बोटीत अख्खी दुधाची पिशवी निघाली होती, त्यावरची तारीखसुद्धा वाचता येत होती. पाण्याच्या पंपातलं रबरी चक्र, म्हणजे इम्पेलर, दोन जादा ठेवा आणि पोरीला बदलायला शिकवा.

स्वयंपाकाचा गॅस: एलपीजी हवेपेक्षा जड. गळला तर वर जात नाही, बोटीच्या तळात साठतो आणि एका ठिणगीची वाट बघत बसतो. सिलिंडरची पेटी बंद, आणि तिच्या तळातून थेट बोटीबाहेर निचरा हवा. घरचा लाल सिलिंडर टेबलाखाली बांधलेली बोट दिसली तर मालकाच्या बाकीच्या कामाबद्दलही काय ते समजा.

मिठागर

मी बायकोच्या बाजूनं लिहिते, कारण खारवारा यांच्या पत्नीची अट या धाग्यातली सगळ्यांत शहाणी गोष्ट आहे आणि तिच्यावर कोणी नीट बोललंच नाही.

आमच्याकडे चार वर्षं ४० फुटी होती. विकली. बोट छान होती, पण मी तिच्यावर पाहुणी होते. नवरा सगळं करायचा, मी पोहे करायचे. एकदा खांदेरीच्या बाहेर वारा वाढला, नवऱ्याचं बोट विंचमध्ये (शिडाच्या दोऱ्या ओढायच्या रहाटात) सापडलं, नख निघालं, आणि मला शीड कमी करता येईना. डोलकाठीत गुंडाळलं जाणारं शीड अर्ध्यावर अडकून बसलं. जुनं, ताणून पोतं झालेलं शीड असलं की हे होतं. ते ना आत जाईना ना बाहेर येईना. धाकटा रडतोय, मोठा "आई काहीतरी कर" म्हणतोय. व्हीएचएफ (बोटीवरचा रेडिओ) कुठल्या चॅनलवर लावायचा हेसुद्धा मला तेव्हा माहीत नव्हतं. (सोळा. तटरक्षक दलाचा फोन १५५४. आता झोपेतही सांगेन.)

त्यामुळे बोट बघायला पत्नीला घेऊन जा आणि तुम्ही हाताची घडी घालून बसा. तिला करू दे: शीड चढवणं, रीफ घेणं (वारा वाढला की शीड कमी करणं), उतरवणं, मूरिंग पकडणं, नांगर टाकून उचलणं. तिला विंच फिरवताना दोन्ही हात लागत असतील, तर दोरी आपोआप धरून ठेवणारे विंच बसवण्याचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

दुसरं, पाण्यात पडलेला माणूस. पकडणं सोपं, वर घेणं कठीण. भिजलेला ८५ किलोचा नवरा ५५ किलोच्या बायकोनं साडेतीन फूट वर कसा उचलायचा? डोलकाठीवरून येणारी दोरी, तिला कप्पी, ती विंचवर. हे एकदा शांत पाण्यात, दिवसाउजेडी करून बघा. आम्ही पहिल्यांदा केलं तेव्हा नवरा बारा मिनिटं लटकत होता आणि मुलं हसत होती. मुलांच्या लाइफ जॅकेटला पायांमधून जाणारा पट्टा हवाच, नाहीतर पाण्यात जॅकेट वर येतं आणि मूल खाली जातं.

आईंसाठी: अव्होमिनची गोळी निघण्याआधी, मळमळायला लागल्यावर नाही. आणि त्यांना बोटीच्या मधोमध, पाठीला टेकू मिळेल अशी जागा. पुढची केबिन चालत्या बोटीत कोणालाच देऊ नका.

शंकासुर

कॅटामरान का नाही? दोन अंगांची, कलत नाही, कमी पाण्यात जाते, आजी खूश.

पाऊणपट

@शंकासुर, पहिल्यांदा कामाचं विचारलंत. आजी खूशच होतील. पण ४० फुटी कॅटामरान वीस-बावीस फूट रुंद. ती पावसाळ्यात उचलणार कशी आणि ठेवणार कुठे? परत माझ्या पहिल्या वाक्यावर आलो.

जाता जाता कीलबद्दल. २०१४ च्या मे महिन्यात चीकी राफिकी नावाची ४० फुटी बोट अटलांटिकमध्ये कील निखळून उलटली, चौघे गेले. ब्रिटिश तपासात निघालं ते असं की आधी जमिनीला लागण्याचे प्रकार आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी कीलची बैठक कमकुवत झाली असावी. आपल्याकडे चिखलात लागणं रोजचंच, म्हणून त्याची गंमत वाटते. खडकाला लागणं वेगळं. ३८ फुटीच्या आतल्या जमिनीचे फळे उचला, कीलच्या बोल्टांभोवती आणि आतल्या आडव्या-उभ्या पट्ट्यांच्या सांध्यांवर केसासारख्या चिरा आहेत का बघा. आणि स्वतः बघून भागणार नाही, सर्व्हेअर लावा. मालकानं सुचवलेला सोडून.

खारवारा

तीन आठवड्यांनी येतोय, माफी. सगळं एकदम सांगतो.

३८ फुटीवर बायकोला घेऊन गेलो आणि हाताची घडी घातली. तिनं शीड उलगडलं, अर्ध्यात अडकलं. @मिठागर, तिनं माझ्याकडे बघितलं आणि मला तुमचा प्रतिसाद आठवला. इंजिन कोमट होतं. मालक म्हणाला, सकाळी बॅटरी चार्ज करायला लावलं होतं. असेलही.

तरी आम्ही सर्व्हे केला, कारण मुलांनी केबिनी वाटून घेतल्या होत्या. सर्व्हेअर सकाळी आठला आला, एक छोटी प्लॅस्टिकच्या तोंडाची हातोडी घेऊन. तळाला टकटक करत हळूहळू पुढून मागे गेला. मी ऐकत होतो. टक, टक, टक, टक, आणि सुकाणूपाशी एकदम ठप. पुन्हा ठप. त्यानं खडूनं गोल काढला. मग सुकाणूच्या खालच्या टोकाला छोटं भोक पाडायची परवानगी मागितली. तिथून तपकिरी पाणी आलं, दहा-पंधरा मिनिटं टिपटिप चालू होती. कील आणि तळाच्या सांध्यात पुढच्या बाजूला गंजाची रेघ. आत फळा उचलल्यावर एका पट्टीच्या कोपऱ्यावर नवा रंग, बाकी सगळीकडे जुना. त्यानं नुसतं बोट ठेवलं, बोलला काहीच नाही. मालकाला विचारलं तर, "आधीच्या मालकाच्या वेळचं असेल." सेलड्राइव्हच्या पडदीचं बिल नाही. डोलकाठीच्या तारांचंही नाही, आणि त्या दहा-बारा वर्षांनी बदलायच्या असतात. सगळं धरून मी मागितलेली सूट ऐकून त्यानं चहासुद्धा विचारला नाही.

३५ फुटीत दोष भरपूर आहेत, पण लपवलेले नाहीत. तळाला दहा-बारा फोड, त्यातले दोन फोडून बघितले, व्हिनेगरसारखा वास. सर्व्हेअर म्हणाला, एवढ्या जाड फायबरला हे म्हातारपणीचे तीळ समजा, पुढच्या पावसाळ्यात वाळवून भरा. शिडं पंधरा वर्षांची, बदलायची. एका खिडकीतून गळतंय. इंजिन गार होतं आणि दुसऱ्या फिरकीत सुरू झालं. विंडलास साखळीसकट चालला. बायकोनं मूरिंग तिसऱ्या खेपेला पकडलं, मुलीनं पहिल्याच.

यार्डात जाऊन आलो. "हो जाएगा" मिळालं, मग क्रेनच्या पट्ट्यांची लांबी मोजून आलो, मग खरंच "हो" मिळालं.

तर ३५ फुटीचा बयाणा दिलाय. मुलगा दोन दिवस बोलत नव्हता, त्याला मागची केबिन हवी होती. मुलीनं साखळीवर दर पाच मीटरला रंग द्यायचं काम घेतलंय: लाल, पिवळा, पांढरा, मग परत लाल. आईला बोटीच्या मधोमधचा बाक दाखवला. तिनं हात लावून बघितला, गादी पातळ आहे म्हणाली. अव्होमिनचं नाव लिहून घेतलंय.

आता तातडीचा प्रश्न: विंडलास चालवताना दोनदा ब्रेकर पडला. केबल जुनी आहे. बॅटरीपासून नाळेपर्यंत नवी टाकायची तर किती जाडीची?

डिझेल काका

आधी विंडलासवरच्या पट्टीवर अँपिअर किती लिहिलेत ते वाचा. मग केबलची लांबी मोजा, जायची आणि यायची दोन्ही मिळून, नाहीतर अर्धीच जाडी घ्याल. आणि टिन चढवलेली तांब्याची तारच घ्या, घरच्या वायरिंगची नको, खाऱ्या हवेत वर्षात हिरवी पडते. आकडा टाका, मग सांगतो. त्याआधी जोडाच्या जागा उघडून ब्रशनं घासून बघा. दहांतल्या सहा वेळा केबल नाही, जोडच खराब असतो.